जिन्याखालच्या सरकारची प्रवक्ती

कपाटात सोळा डबे होते. तेरांवर ‘जिन्याखालचं सरकार, पर्व पहिलं’ असं लिहिलेली चिठ्ठी होती. त्यांतल्या चार चिठ्ठ्या अर्ध्या सुटलेल्या. दोन डबे रिकामे निघाले आणि एकात टेपऐवजी छत्रीची मूठ होती. तेरा टेपांपैकी नऊ धड दिसत होत्या, तीन चिकट झाल्या होत्या, आणि शेवटची, तेराव्या भागाची, कडेने अशी मुडपली होती की कुणी ती ओली असतानाच डब्यात कोंबली असावी. वास मात्र सगळ्यांना एकच, मेणाच्या खडूंचा.

हा वास का येतो हे मला माहीत होतं, म्हणूनच मला ही नोकरी मिळाली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन पोरगी टेपा भाजत बसेल असं आईला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण काम खरोखर तेच आहे. जुन्या फितीवरचा तपकिरी लेप ज्या डिंकासारख्या पदार्थाने धरून ठेवलेला असतो, तो वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पितो आणि सैल पडतो. अशी टेप तशीच यंत्रात घातली तर लेप सोलून निघतो आणि चित्र, आवाज सगळं त्याच्याबरोबर जातं. म्हणून आधी तिला कोमट ओव्हनमध्ये तासन्‌तास सुकवायचं. मग ती काही दिवस शहाण्यासारखी वागते. तेवढ्यात चालवून संगणकात उतरवून घ्यायची. एकदाच. दुसऱ्यांदा चालेल याची हमी कुणी देत नाही.

टीव्ही वाहिनीला ही मालिका पुन्हा दाखवायची होती. चार मुलं इमारतीच्या जिन्याखाली स्वतःचं सरकार स्थापन करतात. एक पंतप्रधान, एक अर्थमंत्री, ज्याच्या खजिन्यात फक्त गोट्या, एक सेनापती, जो अंधाराला घाबरतो, आणि एक प्रवक्ती, जिचं तोंड मिटत नाही म्हणून तिला सगळे टकळी म्हणतात. विरोधी पक्ष एकच, इमारतीचा रखवालदार. मालिका माझ्या जन्माच्या आधीची, तरी तिच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले, कारण टकळी म्हणजे माझी मावशी.

नीट सांगायचं तर टकळीचा चेहरा माझ्या मावशीचा. आवाज दुसऱ्याच कुणाचा.

मावशी अडखळते. ‘क’ आणि ‘प’ने सुरू होणारे शब्द तिच्या ओठांशी येऊन दार बंद असल्यासारखे उभे राहतात. म्हणून ती त्यांना टाळून बोलते. पाणी हवं असेल तर “जरा घोटभर दे” म्हणते. काकडी तिच्या बोलण्यात “ती हिरवी” असते. ती कवळ्या बनवते. दवाखान्यांमागच्या एका लांबट खोलीत दिवसभर लोकांचे दात घासून, बसवून, चमकवून देते, आणि म्हणते, “सगळ्यांची बोलती चालू होते माझ्या हातून. माझी तेवढी राहिली.” हे ती हसत म्हणते. पण आजही कुणी तिला ओळखलं आणि “अय्या, टकळी! जरा टकळीसारखं बोलून दाखवा ना,” म्हटलं, की ती मान हलवून पुढे निघून जाते आणि त्या दिवशी मग जेवताना बोलत नाही.

पुन्हा दाखवण्याच्या पहिल्या दिवशी चौघांनाही स्टुडिओत बोलावून गप्पा मारायच्या, असं वाहिनीने ठरवलं. पंतप्रधान, अर्थमंत्री आणि सेनापती लगेच हो म्हणाले. मावशीने एका शब्दात उत्तर दिलं. तो शब्द ‘न’ने सुरू होतो, त्यामुळे तिला तो सोपा जातो.

“अगं, दोन तासांचा तर प्रश्न आहे,” मी म्हणाले. आम्ही तिच्या कामाच्या खोलीत होतो. समोर साच्यांत सहा जणांचे जबडे हसत होते.

“दोन तास मूग गिळून बसू? सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसणार. त्यांना त्या दुसऱ्या मुलीला भेटायचंय, मोजपट्टी. मला नाही.”

मोजपट्टी म्हणजे मी. लहानपणी मी तिच्या हातची चव चांगली की वाईट हे न सांगता मिठाचे चमचे विचारायचे, तेव्हापासूनचं हे नाव.

“त्या मुलीने नंतर आवाज दिला. सेटवर तर तूच बोलायचीस ना?”

“छे! नुसतं तोंड उघडायचे.” तिने एका दाढेवर फुंकर मारली. “समोर मुलांचा सगळा वर्ग आणून बसवलेला असायचा, हसायला. मी अडले, ती हसायची. अडायचे, हसायची. तू विसरशील? मी नाही विसरले. मग मालिका सुरू झाली त्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. शेजारपाजारचे, तुझी आई, सगळे टीव्हीसमोर. मी तोंड उघडलं आणि दुसरीच मुलगी बोलली. मला सांगितलंच नव्हतं गं.”

“मग तू काय केलंस?”

“टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.”



टेपांच्या खोलीत माझ्या वर एक जण आहेत. त्यांना सगळे टेपकाका म्हणतात. तीस वर्षं त्या खोलीत काढल्यामुळे त्यांना खोलीतलं प्रत्येक यंत्र आपलं सासरचं माणूस वाटतं: तक्रार करायची, पण बाहेरच्यापुढे नाही. या टेपांवर आवाजाचे दोन पट्टे असतात, आणि यंत्रावर त्या दोघांच्या दोन सुया. दुसऱ्या सुईवर टेपकाकांनी काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती.

“हे कशाला?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“दुसऱ्या पट्ट्यावर काही नसतं. भुणभुण असते. नवीन माणूस आला की ती सुई हलताना बघून घाबरतो आणि आवाज कमी-जास्त करत बसतो. म्हणून झाकली.”

“आणि उतरवताना?”

“पहिला पट्टा घ्यायचा, दुसरा बंद ठेवायचा. या खोलीत सगळे तसंच करतात.”

मी दहा टेपा तशाच उतरवल्या. धडक्या नऊ, आणि चिकटांपैकी एक. मुलांचं सरकार स्थापन झालं, पडलं, पुन्हा स्थापन झालं. सेनापतीने एका मांजरापुढे शरणागती पत्करली. आणि टकळी त्या दुसऱ्या मुलीच्या आवाजात, पाठ केलेल्या पाढ्यासारखी, धडाधड बोलत राहिली. ओठ आणि आवाज बहुतेक जुळत होते. नीट पाहिलं तर आवाज आधी संपायचा आणि मावशीचे ओठ नंतरही क्षणभर हलत राहायचे.

मी ते नीट पाहत होते.

अकराव्या टेपेच्या वेळी त्या चिकटपट्टीचा कोपरा ओव्हनच्या उबेने सुटला होता. मी तो जरा आणखी सोडवला. भुणभुण एकसारखी असते. तिच्यावर सुई एका जागी थरथरते. ही सुई उडत होती, थांबत होती, पुन्हा उडत होती. ही बोलण्याची सुई होती. मी दुसरा पट्टा चालू केला, कानाला हेडफोन लावले आणि आठ वर्षांच्या मावशीला “प-प-पंतप्रधान” म्हणताना ऐकलं.

मी यंत्र थांबवलं नाही. थांबवलं असतं तर पुन्हा चालू झालं असतंच असं नाही.

“काका, या पट्ट्यावर सेटवरचा मूळ आवाज आहे!”

टेपकाका आले, हेडफोनची एक बाजू कानाशी धरून उभे राहिले. मग म्हणाले, “हा रेकॉर्डिंगवाल्याचा उद्योग. नवा आवाज पहिल्यावर चढवला असेल, आणि जुना पुसायचा राहिला. किंवा पुसवला नाही त्याला.”

“आधीच्या दहांवरही असणार.”

“असणार.”

“आपण बंद ठेवला.”

“आपण नाही, मी,” ते म्हणाले. “पट्टी मी लावलीय. आता तोंड पाडून बसू नकोस, बाकीच्या दोन बघ.”

आधीच्या दहांचा दुसरा पट्टा अजून टेपांवर आहे, की यंत्राच्या तोंडाला लागलेली जी तपकिरी भुकटी आम्ही कापसाने पुसून टाकली तिच्यात गेला, हे मला माहीत नाही. त्या टेपा पुन्हा सुकवून बघू, असं टेपकाका म्हणाले आहेत.

बाराव्या भागात टकळीच नव्हती. तिला कांजिण्या झाल्या असून सरकारची अधिकृत निवेदनं बंद आहेत, एवढीच घोषणा होती. मावशीला तेव्हा खरोखरच कांजिण्या झाल्या होत्या, असं आईने सांगितलं. म्हणजे माझ्याकडे मावशीच्या आवाजाचे दोनच भाग राहिले: अकरावा, जो हातात होता, आणि तेरावा, जो मुडपलेला होता.

आणि तेराव्यातच ते वाक्य होतं. लोकांना मालिकेतलं दुसरं काही आठवत नसलं तरी ते आठवतं. सरकारचा चेंडू रखवालदाराच्या खोलीची काच फोडतो. तो हातात चेंडू घेऊन जिन्याखाली येतो. मंत्रिमंडळ गारठतं. मग प्रवक्ती पुढे होते आणि म्हणते, “काका, काच कालच फुटली होती, पण तिला कुणी कळवलं नव्हतं, आमचा चेंडू फक्त निरोप घेऊन गेला.”

वाक्य बघा. काका, काच, कालच, पण, कुणी, कळवलं. लेखकाने मावशीवर सूड उगवायचा ठरवला असता तरी याहून वाईट वाक्य त्याला सापडलं नसतं.

तेरावी टेप आम्ही दुप्पट वेळ सुकवली. मुडपलेली कड टेपकाकांनी दोन बोटांत धरून, श्वास रोखून, वीतभर वीतभर सरळ केली. काच फुटायच्या थोडं आधी यंत्र करकरायला लागलं. टेपकाकांनी ते थांबवलं, स्पिरिट लावलेल्या काडीने त्याचं तोंड पुसलं, “चल गं माझे आई,” असं यंत्राला म्हणाले आणि पुन्हा सुरू केलं. चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या. आवाज आला. पूर्ण आला. शेवटची श्रेयनामावली सरकली आणि टेप तिथेच तुटली.

मी तो आवाज त्या दिवशी बारा वेळा ऐकला. मावशी म्हणाली होती, मी अडले की मुलं हसायची. हे विधान तपासता येण्यासारखं होतं. हसू ती अडखळत असतानाच सुरू झालं की वाक्य संपल्यावर, हे पडद्यावर लाटेसारखं दिसतं. फक्त रेघ ओढायची आणि सेकंद वाचायचे. दोन्ही भाग मिळून मावशी सव्वीस ठिकाणी अडखळली होती. एका ठिकाणी, अकराव्या भागात, ती ‘प’वर उभी असतानाच हसू सुरू झालं होतं. इतर कुठल्याही ठिकाणी नाही.

हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं, त्या एकासकट.

तिने ब्रश खाली ठेवला. “एक तर होतं ना? बघ.”

“सव्वीसात एक, मावशी. आणि तेही एकाच मुलाचं. बाकी वर्ग गप्प आहे.”

“दिवा होता.”

“कसला?”

“लाल दिवा. त्या मुलांच्या समोर. एक माणूस बटण दाबायचा. लागला तर हसायचं, विझला तर गप्प. न हसणाऱ्याला मधल्या सुट्टीत गोळी नाही.” ती खुर्चीवर मागे रेलली. “तुझी मुलं वाक्याला हसलेली नाहीत, बाई. दिव्याला हसलीत. दिवा वाक्य संपल्यावर लागायचा, म्हणून ती वाक्य संपल्यावर हसली. तो एकटा मात्र खरं हसला.”

चार वर्षं मला शिकवलं होतं की निष्कर्ष काढण्याआधी दुसरं कारण शोधा, आणि माझ्या मावशीने दात घासता घासता मला माझ्याच विषयात नापास केलं होतं.

“दिवा नसता तर?” मी शेवटी म्हणाले.

“म्हणजे?”

“आताची मुलं. तुला न ओळखणारी. दिवा नाही, गोळी नाही. मागचं हसू मी आवाजातून काढून टाकते, म्हणजे कधी हसायचं हे त्यांना कुणी सांगणार नाही. नुसती तू.”

“आणि ती अडखळण्यावर हसली तर?”

“तर तू स्टुडिओत येऊ नकोस, आणि हा आवाज मी कुणाला ऐकवणार नाही. मी पुन्हा विषय काढणार नाही.”

“आणि नाही हसली तर?”

“तर तू यायचंस. आणि तेरावा भाग तुझ्या आवाजात दाखवायचा.”

तिने खिडकीशी जाऊन एक कवळी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. दात सरळ होते. मला इथूनही दिसत होतं.

“वाक्यालाही हसली नाहीत तर?” ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. “दोन्हीला नाही. नुसती बघत बसली. मग?”

ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती. “तर मालिका वाईट आहे,” मी म्हणाले.

ती खदखदून हसली. अडखळणारी माणसं हसताना अडखळत नाहीत. “बरं,” ती म्हणाली. “मात्र मी तिथे असणार. मागे. आणि माझी ओळख सांगायची नाही.”

मुलांना मालिका दाखवून बघण्याचा घाट वाहिनीच्या निर्मातीने आधीच घातला होता. आजच्या मुलांना ही गंमत कळते का, एवढंच तिला हवं होतं. ती सतत घाईत असलेली, केसांत पेन खोचून तेच पेन शोधणारी बाई. मी तिला दुसऱ्या पट्ट्याबद्दल सांगितलं, ऐकवलं, आणि म्हणाले की तेरावा भाग या आवाजात दाखवू, जमलं तर दोन वेगवेगळ्या गटांना, एका गटाला जुना आवाज...

“तुला एक गट मिळेल,” ती म्हणाली. “एक शाळा, एक सकाळ. आणि मुलं कंटाळली तर मी मधेच बंद करणार.” मग जरा थांबून म्हणाली, “ही मुलगी आता कुठे असते?”

“कळवेन,” मी म्हणाले.

जुनं हसू काढणं सोपं गेलं. ते वाक्यांवर चढलेलं नव्हतं, वाक्यांच्या मागे उभं होतं, त्यामुळे तेवढे तुकडे खाली करता आले. तो एकटा हसणारा मुलगा अकराव्या भागात होता. त्याला हात लावायची वेळच आली नाही. मावशीचं अडखळणं मात्र मी होतं तसं ठेवलं, एक क्षणही कमी केला नाही. कमी करायचा मोह झाला होता. ‘पण’च्या आधीची ती लांब शांतता अर्धी केली असती तर कुणाला कळलं नसतं. मग मला प्रयोगाचं उत्तर मिळालं असतं, फक्त ते मावशीबद्दल नसतं.

छोटा हॉल होता, शंभर खुर्च्यांचा. पुढच्या चार ओळींत मुलं. मी बाजूला लॅपटॉप आणि माइक घेऊन बसले. मावशी सगळ्यात मागच्या ओळीत, दाराजवळ, पर्स मांडीवर घेऊन, बस सुटेल म्हणून बसल्यासारखी.

दिवे गेले आणि लगेच कुजबुज सुरू झाली.

“हे चित्र असं मळकं का आहे?”

“जुनं आहे, गप.”

“यांच्याकडे फोन नाहीत?”

“ए, तो जाड्या बघ, त्याचं मांजर बघ!”

“सर, मला पुढचं दिसत नाही, याचं डोकं बाजूला करा.”

पहिली पाच मिनिटं ती मुलं मालिकेशिवाय सगळं बघत होती. मी मागे वळून पाहिलं नाही. मग अर्थमंत्र्याने पगार म्हणून सेनापतीला अर्धी गोटी देऊ केली आणि कुणीतरी फिस्स केलं. सेनापतीने ती अर्धी गोटी नाकारून राजीनामा दिला, आणि दोन ओळी हसल्या. टकळी पहिल्यांदा बोलली तेव्हा एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “ही अशी का बोलते?” शेजारीण म्हणाली, “बोलते. तू बघ ना.” यापलीकडे कुणी काही विचारलं नाही.

मग काच फुटली. खळ्ळकन, मोठ्याने. पांढऱ्या रेघा आल्या. रखवालदार चेंडू घेऊन जिन्याखाली आला, आणि त्या चार ओळींत एकदम शांतता झाली, कारण काच फोडून पकडलं जाणं कुठल्याच काळातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

आठ वर्षांची मावशी पुढे झाली. तिने तोंड उघडलं.

वाक्य मला पाठ होतं, तिच्या थांबण्यासकट. ती ‘काच’वर अडली. ‘पण’पाशी पुन्हा अडली, खूप वेळ, आणि रखवालदाराचं काम करणारा नट वाट बघत राहिला. त्या दुसऱ्या मुलीच्या आवाजात हे वाक्य म्हणजे पाठांतर होतं. इथे पडद्यावर एक मुलगी उभ्या उभ्या थाप रचत होती. पुढचा शब्द तिला सापडेल की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. मग तिला तो सापडला.

हॉल हसला. पण हसू नेमकं कधी सुरू झालं? मला वाटलं, शेवटी. पण मला तसंच वाटायला हवं होतं, त्यामुळे माझं वाटणं मोजण्यात धरता येत नव्हतं. मधे काहीतरी आवाजही झाला होता. तो हसण्याचा होता की आणखी कशाचा, अंधारात मला सांगता आलं नसतं.

भाग संपला. मुलं एकमेकांना ढकलत बाहेर गेली. दारातून जाताना एक जण दुसऱ्याला म्हणत होता, “सर, वही कालच हरवली होती, पण...” आणि पुढचं दोघांच्या खिदळण्यात गेलं. निर्माती पेन शोधत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मला आज उत्तर हवंय. त्या मुलीचं. म्हणजे, त्या बाईंचं.”

“दहा मिनिटं,” मी म्हणाले.

मावशी बाहेर जिन्यावर उभी होती. डोळे कोरडे, नाक लाल.

“मग?” तिने विचारलं.

“तू ऐकलंस की.”

“मी ऐकलं ते सोड. मला तर लहानपणीही ऐकू येत होतं.” ती पायरीवर बसली आणि शेजारची जागा हाताने झटकली. “मोज.”

“आत्ता?”

“मग उद्या? ती बाई आत थांबलीय. आणि नीट मोज. माझ्या बाजूने मोजू नकोस.”

“मोजण्याला बाजू नसते.”

“तुझ्या नाकाला असते. खोटं बोललीस तर ते हलतं, आईसारखं. लाव ते.”

मी लॅपटॉप गुडघ्यांवर उघडला. वरच्या ओळीत पडद्यावरचा आवाज, खालच्या ओळीत हॉलचा. ते वाक्य शोधलं, दोन्ही लाटा एकाखाली एक जुळवल्या आणि ताणून मोठ्या केल्या. मावशी चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाकली. दातांच्या भुकटीचा बारीक पांढरा थर अजून तिच्या बाहीच्या शिवणीत होता.

“ही मी?” तिने वरच्या लाटेवर बोट ठेवलं.

“ही तू. आणि ही खालची मुलं.”

“इथे सपाट आहे.”

“तिथे तू अडली आहेस.”

“आणि ही खालची?”

“थांब,” मी म्हणाले. “रेघ ओढते.”

ती थांबली. मी एकेक जागा मोजली आणि मोठ्याने वाचून दाखवली.

‘काच’पाशी थांबणं एक पूर्णांक चार सेकंद, हॉलमध्ये आवाज नाही. ‘पण’पाशी थांबणं तीन पूर्णांक एक सेकंद, हॉलमध्ये एक खुर्ची करकरली. वाक्य संपल्यावर शून्य पूर्णांक तीन सेकंद शांतता. त्यानंतर हसू, नऊ पूर्णांक दोन सेकंद.